पुण्यात भाड्याने घर शोधताय? फक्त भाडं विचारू नका, हा सगळा हिशेब आधी मांडा

समजा, लातूरहून एक मुलगा पहिल्या नोकरीसाठी पुण्यात आलाय. ऑफिस कोथरूडला. त्याला दोन घरं दिसतात. एक वाघोलीत, भाडं १२ हजार. दुसरं ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर, भाडं १५ हजार. महिन्याला ३ हजार वाचतात म्हणून तो वाघोलीचं घर घेतो.

आता हिशेब बघा. जायचे-यायचे मिळून रोजचे साधारण ४० किलोमीटर धरले, तर २५ दिवसांचे १,००० किलोमीटर होतात. गाडी लिटरला ४५ किलोमीटर चालली तरी २२ लिटर पेट्रोल लागणार. लिटरला १०० रुपये धरले तर हे झाले २,२०० रुपये. त्यात गाडीची सर्व्हिसिंग आणि सोसायटीच्या टँकरचा वाटा मिळवला की वाचलेले ३ हजार जवळपास संपतात. रोज ट्रॅफिकमध्ये जाणारा वेळ वेगळाच.

म्हणजे कमी भाड्याचं घर स्वस्त असेलच असं नाही. मग घर ठरवण्याआधी नेमकं काय तपासायचं?

१. पाणी कुठून येतं?

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. वाघोली, म्हाळुंगे, सूस, बावधन बुद्रुक ही त्यातलीच. पण हद्दीत आलं म्हणजे लगेच नळाला पाणी आलं असं होत नाही. या पट्ट्यातल्या अनेक सोसायट्या अजूनही बोअरवेल आणि टँकरवर चालतात.

त्यामुळे 'पाणी आहे का?' असं विचारू नका, उत्तर 'हो' असंच येणार. 'उन्हाळ्यात टँकर किती येतात आणि पैसे कोण भरतं?' असं विचारा. मेंटेनन्स मालक भरणार असेल तर टँकरचे पैसे त्यातच आहेत की वेगळे, हे करारात लिहून घ्या. खरी माहिती हवी असेल तर सोसायटीच्या वॉचमनला किंवा शेजारच्या भाडेकरूला विचारा.

२. मीटर स्वतंत्र आहे का?

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांत असतात. पहिल्या १०० युनिटला दर कमी, १०१ ते ३०० युनिटला त्याच्या दुपटीच्या आसपास. त्यापुढे आणखी जास्त.

एकट्याच्या खोलीत महिन्याला १०० युनिटही जळत नाहीत, असं बऱ्याचदा होतं. मीटर स्वतंत्र असेल तर कमी दराचा फायदा मिळतो. पण अनेक ठिकाणी चार-पाच खोल्यांना मिळून एकच मीटर असतो आणि प्रत्येक खोलीला सबमीटर लावून मालक सरसकट एकच दर लावतो. तिथे कमी वीज वापरूनही बिल जास्त येतं. हा दर आधीच विचारा.

घरात शिरायच्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक महावितरणच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपमध्ये टाकला की आधीची थकबाकी दिसते.

३. गॅसचं काय?

गावाकडे तुमच्या नावावर सिलेंडर असेल, तर निघण्याआधी सिलेंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफरची कागदपत्रं घ्या. तीच दाखवून नव्या शहरात कनेक्शन मिळतं.

नवीन पत्त्याचा पुरावा अजून नसेल तर ५ किलोचा छोटा सिलेंडर हा पर्याय आहे. तो फक्त ओळखपत्रावर मिळतो. इंडियन ऑइलचा असा सिलेंडर 'छोटू' नावाने गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर मिळतो. किलोमागे तो महाग पडतो, पण पहिले दोन-तीन महिने निभावतात.

४. 'अकरा महिन्यांचाच तर करार आहे, नोंदणी कशाला?'

हे वाक्य जवळपास प्रत्येकाला ऐकायला मिळतं. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. मुदत कितीही असो. ही जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती पाळली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं तर पुरावा मालकाला द्यावा लागतो.

खर्चही फार नाही. १५ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट आणि ११ महिन्यांचा करार असेल तर मुद्रांक शुल्क ५०० रुपयांच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंटची फी वेगळी. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्याही.

भाडेकरूसाठीही एक इशारा याच कायद्यात आहे. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ नुसार दुप्पट भाड्याइतकी भरपाई द्यावी लागू शकते.

५. डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही का?

अशा पोस्ट सोशल मीडियावर फिरत असतात. त्यांचा आधार म्हणजे केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदा. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्रातले व्यवहार १९९९ च्या कायद्यावर चालतात. त्यामुळे डिपॉझिट किती हे बोलूनच ठरतं.

ते परत मिळावं म्हणून दोन गोष्टी करा. पैसे बँकेतून द्या. आणि किती दिवसांत परत मिळणार, रंगकामाचे पैसे कापणार का, हे करारात लिहून घ्या. पहिल्याच दिवशी भिंती, नळ, फरशी आणि पंखे यांचा व्हिडिओ काढून ठेवा.

६. घर न बघता टोकन देऊ नका

'मी सैन्यात आहे, बदली झालीय, घर बघायचं तर आधी टोकन पाठवा' असं सांगून क्यूआर कोड पाठवणारे भामटे जुनेच आहेत. पैसे घेण्यासाठी कोणालाही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, स्कॅन करतो तो पैसे देणारा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

घर ठरवण्याआधी कागदावर एक बेरीज करा: भाडं, मेंटेनन्स, पाणी, वीज, गॅस, येण्याजाण्याचा खर्च. डिपॉझिट आणि ब्रोकरचे पैसे बाजूला लिहा, कारण ते एकदाच जातात. दोन घरांची तुलना करायची तर या बेरजेची करा, नुसत्या भाड्याची नको.