विष, बाण आणि ढाल

‘टॉक्सिन’ ज्या ग्रीक शब्दातून आला त्या ‘टॉक्सॉन’चा अर्थ धनुष्य. बाणाच्या टोकाला माखायच्या विषाला ग्रीक लोक ‘टॉक्सिकॉन फार्माकॉन’ म्हणत, म्हणजे धनुष्याचे औषध. लॅटिनमध्ये जाताना या जोडीतले नाम गळाले, विशेषण तेवढे उरले, आणि धनुष्याचा पत्ता सांगणाऱ्या शब्दाला विषाचा सगळा भार एकट्याने उचलावा लागला. मागे राहिलेला ‘फार्माकॉन’ फार्मसीत आणि फार्माकॉलॉजीत जाऊन बसला. तोही काही सोवळा नव्हता. औषध, विष आणि करणी या तिन्हींसाठी ग्रीकमध्ये हा एकच शब्द चालत असे.

मराठी माणसाला याचे नवल वाटायचे कारण नाही. आपला ‘जालीम’ अरबीतून फारसीमार्गे आला. त्याचा मूळ अर्थ जुलूम करणारा, पण आपण जालीम विष म्हणतो तसेच जालीम औषधही म्हणतो. हमखास लागू पडणारे औषध आपल्याकडे ‘रामबाण’. वैद्यकसंशोधक पाउल एर्लिश याच अर्थाने जर्मनमध्ये ‘त्साउबरकुगेल’, मंतरलेली गोळी, म्हणत. त्यांच्या मनात बंदुकीची गोळी होती. मराठीत तोही खुलासा करावा लागत नाही. गोळी ‘घेतली’ की ‘घातली’ एवढ्यावरच माणसाचे भवितव्य ठरते.

औषधशास्त्राचे शब्द असे भात्यातून निघालेले दिसतात आणि त्यामागे इतिहास आहे. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला ‘क्युरारी’ लावत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांनी त्या विषाने स्नायू कसे निकामी होतात ते तपासले. केंब्रिजमध्ये जॉन लँग्ली यांनी १९०५ साली पाहिले की निकोटिनने स्नायू आखडतो आणि क्युरारीने ते आखडणे थांबते. तेव्हा दोन्ही रसायने ज्यावर बसतात असे काहीतरी स्नायूतच असले पाहिजे. त्याला त्यांनी ‘रिसेप्टिव्ह सब्स्टन्स’, ग्रहण करणारा पदार्थ, असे सावध नाव दिले. एर्लिश यांचा ‘रिसेप्टर’ शब्द सुटसुटीत होता, तो टिकला. मराठीत त्याचा ‘ग्राही’ झाला. लँग्ली यांचा तो पदार्थ म्हणजे पेशीच्या पटलातले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, जाण्याचे दार आहे, हे कळायला मात्र अनेक दशके जावी लागली.

अशा दारांवर आयुष्य घालवलेल्या माणसांत विल्यम कॅटरॉल (१९४६–२०२४) यांचे नाव फार वर घ्यावे लागेल. ते १९७७ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आले, १९८४ पासून तीन दशके तिथल्या फार्माकॉलॉजी विभागाचे प्रमुख होते, आणि सोडियम व कॅल्शियम यांच्या दारांवर, म्हणजे चॅनेलवर, अखेरपर्यंत काम करत राहिले. या कारकिर्दीचे शब्दही पाहण्यासारखे आहेत. १९७३ मध्ये मार्शल निरेनबर्ग यांच्याबरोबर लिहिलेल्या त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘चॅनेल’ नाही. तिथे ‘ॲक्शन पोटेन्शियल आयनोफोर’ आहे. आयनोफोर म्हणजे आयन वाहून नेणारा. मज्जापेशीत विजेची लाट उठते तेव्हा सोडियम आत शिरतो, हे माहीत होते. तो कोण आत नेतो, भोकातून जातो की कोणाच्या खांद्यावरून, हे कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते.

ते पाहायला त्यांनी विंचू घेतला. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातला हा पिवळा विंचू. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘क्विंक्वेस्ट्रिॲटस’ म्हणजे पाच पट्ट्यांचा. त्याचे विष सोडियमच्या चॅनेलला घट्ट धरते. कॅटरॉल आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्या विषाला किरणोत्सारी खूण केली आणि प्रकाश पडताच शेजारच्या रेणूला कायमचे चिकटेल अशी त्याची रचना केली. मग ते पेशीपटलांत मिसळले, वर प्रकाश टाकला आणि सगळी प्रथिने आकारमानाने वेगळी केली. खूण ज्याच्या अंगावर दिसली ते चॅनेल. १९८० साली हे प्रसिद्ध झाले, आणि तोवर विजेच्या आलेखांतून अनुमानाने ओळखली जाणारी वस्तू एक प्रथिन म्हणून हाती लागली. विषारी बाण सोडायचा आणि तो कुठे रुतला ते शोधत जायचे, ‘टॉक्सिकॉन’ शब्दाचा इतका शब्दशः वापर ग्रीकांनीही क्वचितच केला असेल.

विंचवाचे विष नेमके करते काय? सोडियमचे चॅनेल उघडते आणि हजारांश सेकंदात आपले आपण बंद होते. या जातीचे विष ते बंद होणेच लांबवते. कडी न लागणाऱ्या दारातून जत्रेची गर्दी घुसावी तसा सोडियम येत राहतो आणि मज्जातंतू थांबायचे नाव घेत नाहीत. कोकणातला लाल विंचू हेच करतो. शरीरात संप्रेरकांचे वादळ उठते, रक्तदाब भडकतो, घाम फुटतो, हृदय थकते, फुप्फुसात पाणी होते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात या रुग्णांना प्राझोसिन द्यायला सुरुवात केली आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले. प्राझोसिन चॅनेलला हातही लावत नाही. आवळलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करते आणि चढलेला दाब खाली आणते.

आणि मराठीत विंचू ‘चढतो’च. एकनाथांच्या भारुडातल्या विंचवापासून गावच्या मांत्रिकापर्यंत तो चढतो आणि मग तो ‘उतरवावा’ लागतो. विषावर जे देतात तो ‘उतारा’. घाटाचा उतारा, पुस्तकातला उतारा, दृष्ट काढून तिठ्यावर ठेवलेला उतारा आणि हा उतारा, सगळे एकाच क्रियापदाचे. या विशिष्ट दंशाच्या बाबतीत तरी भाषेचे निदान बरोबर होते: चढते ते खरोखर चढते आणि औषधाने खरोखर उतरते.

जाता जाता एक गंमत. याच लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये पोटॅशियमचे एक चॅनेल बंद करणारे टॉक्सिन वेगळे काढले गेले. त्याचे नाव ‘आयबेरिओटॉक्सिन’, म्हणजे नावात स्पेन-पोर्तुगालचे द्वीपकल्प. विंचवाचे शास्त्रीय नाव ‘टॅम्युलस’, म्हणजे तमिळ. चावतो मात्र तो रत्नागिरी-रायगडात.

आता ‘आयन’. मायकेल फॅरडे यांना १८३४ मध्ये विजेच्या प्रयोगांसाठी नवे शब्द हवे होते. त्यांनी केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांना विचारले आणि ह्यूएल यांनी ॲनोड, कॅथोड, आयन ही नावे काढून दिली. ग्रीक ‘आयॉन’ म्हणजे जाणारे. त्याचा धातू आणि संस्कृतातला ‘इ’, म्हणजे जाणे, हे एकाच कुळातले, आणि त्या ‘इ’पासूनच ‘अयन’ होते. उत्तरायणात सूर्य जातो तसे द्रावणात आयन जातात. मराठीत धनायन आणि ऋणायन हे शब्द घडवले तेव्हा परका शब्द नकळत माहेरी आला. त्यांतले धन आणि ऋणही जुनेच आहेत. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात अधिक-उणे राशींसाठी तेच वापरले होते. परिभाषा समित्यांना आपण नावे ठेवतो, पण या दोन शब्दांसाठी त्यांना सगळे माफ करावे.

‘चॅनेल’बद्दल मी इतका उदार नाही. लॅटिन ‘कॅना’ म्हणजे बोरू, वेत, पोकळ काडी. त्यावरून ‘कॅनालिस’, आणि तिथून कॅनाल व चॅनेल. संस्कृतातही बोरूला ‘नड’ किंवा ‘नल’ म्हणत. त्यावरून आपले नळ आणि नळी आले, आणि वैद्य मनगटावर बोट ठेवून पाहतो ती नाडीही त्याच घरातली. दोन भाषांनी पाणवठ्याजवळच्या एकाच पोकळ गवताकडे पाहून एकच शब्द घडवला असताना आपण पाठ्यपुस्तकात ‘वाहिनी’ लिहिले. वाहिनी ‘वह्’ धातूची, वाहून नेणारी. अर्थाने ती जुन्या ‘आयनोफोर’च्या जवळची. चॅनेल काहीच वाहून नेत नाही. ते नुसते उघडे होते आणि आयन आपल्या पायांनी जातात. ‘आयननळी’ बरोबर ठरली असती. पण वाहिनीवर आता बातम्या आणि मालिका लागतात, आणि प्रयोगशाळेतली मराठी मुले सरळ ‘चॅनेल’च म्हणतात. तेच बरे.

चॅनेल एकामागून एक सापडू लागले तसा नावांचा बाजार भरला. कॅल्शियमच्या चॅनेलांना १९८० च्या दशकात अक्षरे मिळाली: बराच वेळ उघडे राहणारे ‘लाँग-लास्टिंग’ ते एल, क्षणिक म्हणजे ‘ट्रान्झियंट’ ते टी, आणि या दोहोंपैकी ‘नीदर’, म्हणजे कोणतेच नाही, ते एन. पुढे हा एन ‘न्यूरोनल’चा आहे असे सभ्यपणे सांगितले जाऊ लागले. शेवटी कशालाच दाद न देता उरलेले ते ‘रेसिड्युअल’ म्हणून आर. घरोघरी बीपीसाठी घेतली जाणारी ॲम्लोडिपिनची गोळी यांतल्या एल चॅनेलवर बसते. कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेने १९८४ मध्ये सशाच्या स्नायूतून हे चॅनेल शुद्ध केले तेव्हा शोधनिबंधात त्याला ‘कॅल्शियम अँटॅगनिस्ट रिसेप्टर’ म्हटले होते. जे औषध त्याला धरते त्याचेच नाव त्याला.

सोडियमच्या चॅनेलांची स्थिती आणखी बिकट होती, कारण एकाच चॅनेलला दोन-दोन प्रयोगशाळांची दोन-दोन नावे होती. २००० साली कॅटरॉल आणि इतरांनी मिळून क्रमांक ठरवले: नॅव १.१ ते नॅव १.९. यातला ‘ना’ नेट्रियमचा, म्हणजे सोडियमच्या लॅटिन नावाचा, जे इजिप्तमधल्या नेट्रॉन क्षारापर्यंत मागे जाते. ‘व्ही’ व्होल्टेजचा, म्हणजे इटलीच्या व्होल्टांचा. नावातली गोष्ट गेली, गोंधळही गेला. संशोधकांना काय हवे होते ते उघड आहे.

दातांचा डॉक्टर सुई देतो तेव्हा आपण म्हणतो, जागा ‘बधिर’ केली. संस्कृतात बधिर म्हणजे बहिरा. मराठीने तो शब्द कानावरून कातडीवर आणला. सुईतले लिडोकेन सोडियम चॅनेलच्या आत शिरून वाट अडवते आणि कळ पुढे जात नाही. ते नेमके कुठे बसते, याचे अमिनो आम्लांपर्यंतचे उत्तर १९९४ मध्ये कॅटरॉल यांच्याच गटाने दिले. २०११ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिवाणूच्या सोडियम चॅनेलचा अणूंच्या पातळीवरचा आकारही दाखवला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले सुझेट्रिजिन हे वेदनाशामक नऊ भावंडांपैकी नॅव १.८ एवढेच निवडून अडवते. मेंदू आणि हृदय यांची चॅनेले ते सोडून देते, म्हणून अफूवर्गातल्या औषधांसारखी सवय लागण्याची भीती त्यात नाही, असा त्यामागचा विचार.

अशा निवडलेल्या प्रथिनाला ‘ड्रग टार्गेट’ म्हणतात. ‘टार्गेट’ जुन्या फ्रेंचमधल्या ‘टार्ज’चे लघुत्वदर्शक रूप आहे, आणि टार्ज म्हणजे हलकी ढाल. नेमबाजीच्या सरावासाठी गोल ढालीसारखी फळी उभारू लागले आणि अडवणाऱ्या वस्तूचे नाव वेधायच्या वस्तूला गेले. नेम चुकला की काय होते याचे शब्दही कोशात आहेत. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम कॅप्लान यांना फळमाश्यांची अशी जात सापडली की ईथरची भूल दिल्यावर त्या पाय झाडू लागत. लॉस एंजेलिसच्या ‘व्हिस्की अ गो गो’ क्लबातल्या नाचणाऱ्या मुली आठवून त्यांनी तिला ‘ईथर-अ-गो-गो’ म्हटले; फ्रेंचमध्ये ‘आ गोगो’ म्हणजे मनसोक्त. माशीतल्या त्या जनुकाचे माणसातले नातेवाईक जनुक १९९४ मध्ये सापडले. त्याचे ‘हर्ग’ हे आद्याक्षरी नाव हृदयातल्या पोटॅशियमच्या चॅनेललाही मिळाले. टर्फेनाडीन हे ॲलर्जीचे औषध या चॅनेलमध्येही अडकत असे. काहींच्या हृदयाचे ठोके त्यामुळे अशा रीतीने बिघडत की आलेखातली टोके पिळल्यासारखी दिसत. फ्रेंच डॉक्टर देसेर्तेन यांनी १९६६ मध्येच या लयबिघाडाला ‘तोर्साद द प्वान्त’, टोकांचा पीळ, असे नाव दिले होते. टर्फेनाडीन १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या बाजारातून गेले. २००५ पासूनच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नवे औषध माणसाला देण्याआधी ते हर्गला धरते का हे पाहतात. प्रयोगशाळेत हर्गला ‘अँटिटार्गेट’ म्हणतात, आणि अहवालात त्याचा एक स्वतंत्र रकाना असतो.