मालकाच्या पाठीमागची बारा वर्षे

परक्याची जमीन बारा वर्षे उघडपणे, मालकी सांगत कसली की ती कसणाऱ्याची होते, हा प्रतिकूल ताब्याचा नियम आता इतका अंगवळणी पडला आहे की तो इथल्या मातीतलाच वाटतो. तसा तो नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत वीस वर्षांची मुदत आहे खरी, पण दुसरा जमीन भोगत असल्याचे मालक डोळ्यांदेखत पाहतो आणि हरकत घेत नाही, तेव्हाच ती लागू पडते. चालुक्यांच्या कल्याणीत मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराला तेवढेही पटले नाही. गप्प बसलेल्या मालकाचे त्या वर्षांचे उत्पन्न बुडते, जमीन बुडत नाही, असा अर्थ त्याने लावला. मराठी मुलखातली मिरास, म्हणजे जमिनीचा वंशपरंपरागत हक्कही याच वळणाचा होता. दुष्काळाने किंवा लुटालुटीने परागंदा झालेल्या मिरासदाराचे शेत उपरी, म्हणजे असा हक्क नसलेला शेतकरी, कसे आणि सरकार त्याचा सारा घेई. पण मिरासदार किंवा त्याचा वारस पुष्कळ वर्षांनी परतला आणि सरकारदेणे भरायला तयार झाला, तर आपली मिरास त्याला मागता येई. वाद पडलाच तर गोतसभा, म्हणजे गावची न्यायसभा, कागद पाही, गावकऱ्यांच्या साक्षी घेई आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद करी. गाव सोडले म्हणून हक्क सोडला, असे कोणी धरत नसे.

मुंबई इलाख्यात 1827 च्या पाचव्या रेग्युलेशनने तीस वर्षांहून अधिक काळची अखंड वहिवाट हा मालकीचा पुरेसा पुरावा ठरवला. 1859 च्या मुदत कायद्याने कब्जाच्या दाव्याला बारा वर्षांची मुदत घातली आणि 1871 मध्ये मुदतीबरोबर मूळ हक्कच संपवला. घाव बसला तो इथे. साक्षीदार मरतात, कागद कुजतात, तेव्हा दाव्यांना कुठेतरी शेवट हवा, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी अजाण मालकाची जमीनच काढून घेण्याची गरज नव्हती. हा नियम भूमिहीनाचा आधार आहे, असेही म्हटले जाते. परंतु कुळाचा ताबा मालकाच्या संमतीचा, म्हणून तो प्रतिकूल ठरतच नाही. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात कसणाऱ्याला जमीन मिळाली ती 1948 च्या कूळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने, म्हणजे कूळ मालक मानले गेले त्या दिवसाने. 1963 च्या मुदत कायद्याने सिद्धतेचा भार कब्जेदारावर टाकला, ही मोठी सुधारणा. 2023 मध्ये विधी आयोगाने आणखी बदल नको असे सुचवले, ते मला पटत नाही. कब्जाची मालकाला प्रत्यक्ष माहिती होती, एवढे तरी कब्जेदाराने सिद्ध केले पाहिजे.