पाचशे माणसं जेवली, तरी लग्नाचा पुरावा?

आमच्या रबाळ्यातली एक मुलगी परवा बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीला गेली. नवरा तिकडचा नागरिक. हातात विवाह प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, लग्नाचा अल्बम. तिची आई मला म्हणाली, "भाऊ, पाचशे माणसं जेवली. आणखी पुरावा कसला?"

मंडळी, उत्तर इतिहासात आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, तेव्हा व्हिसाची भानगडच नव्हती. १९१७ च्या कायद्याने विद्यार्थी, व्यापारी असे काही सोडून भारतीयांना दार बंद केलं. १९४६ मध्ये ते किलकिलं झालं, वर्षाला जेमतेम १०० जणांपुरतं. १९६५ ला वंशावर ठरणारा कोटा गेला, कुटुंबाला प्राधान्य आलं. आज नागरिकाच्या नवरा-बायकोला संख्येची मर्यादाच नाही. त्यामुळे सगळा भार एकाच प्रश्नावर येतो: लग्न खरं का? खोट्या लग्नांच्या संशयातून १९८६ चा कायदा आला. लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर ग्रीन कार्डही दोनच वर्षांचं, तेही सशर्त.

त्या खिडकीला पंगत दिसत नाही, कागद दिसतो. तेव्हा लग्नाची नोंदणी लगेच करून घ्या.

मुलीचा पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतलाय, म्हणजे बहुधा काम झालं. आई मात्र अजून अल्बम उघडून बसलीय.