आंत्रपुच्छशोथ
मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या उंडुकाला जोडलेल्या आंत्रपुच्छाचा, म्हणजे अपेंडिक्सचा, तीव्र दाह. घट्ट मळाचा खडा अडकल्याने किंवा भित्तीतील लसीका ऊतक सुजल्याने त्याची पोकळी बंद होते. आत स्राव साठून दाब वाढतो, रक्तपुरवठा घटतो आणि जंतुसंसर्ग पसरतो.

निदान : वेदना बहुधा बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत ओटीपोटाच्या उजव्या बाजूस स्थिरावते. भूक मंदावणे, मळमळ, उलटी व बारीक ताप ही सोबतची लक्षणे होत. चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये वर्णिलेल्या बिंदूवर दाबल्यास दुखते. रक्ततपासणी, सोनोग्राफी व सीटी स्कॅन यांची निदानास मदत होते. तरुण स्त्रियांमध्ये गर्भनलिकेतील गर्भधारणा नाही ना, हे तपासणे अत्यावश्यक असते. अपेंडिक्स फुटल्यास पर्युदरशोथ, म्हणजे पोटाच्या आतील आवरणाचा दाह, होऊन जीव धोक्यात येतो. म्हणून, ते फुटू नये यासाठी, अशा पोटदुखीत जुलाबाचे औषध देऊ नये.

उपचार : रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये या रोगाची स्पष्ट मांडणी करून लवकर शस्त्रक्रियेचा आग्रह धरला. अपेंडिक्स काढून टाकणे हाच आजही प्रमुख उपचार आहे. कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये ते दुर्बिणीद्वारे काढले. गुंतागुंत नसलेल्या निवडक रुग्णांत प्रतिजैविके पुरेशी ठरतात. मात्र त्यांतील काहींना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागते.