सर्पगंधा ते डोपामिन : छिन्नमनस्कतेच्या आकलनाचा प्रवास

१/ छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, हा मेंदूतील रासायनिक संदेशवहनाशी निगडित आजार असावा, हा विचार जेमतेम साठ-सत्तर वर्षांचा आहे. त्याच्या मुळाशी एक भारतीय वनस्पती आहे, आणि त्या इतिहासातील एक मोलाचा टप्पा मुंबईत घडला.

२/ त्यापूर्वी उपचार म्हणजे प्रामुख्याने बंदिवास. विदर्भात नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासूनचे. १९१२ च्या कायद्याचे नावच ‘इंडियन लूनसी ॲक्ट’. मारेगावसारख्या भागातील खेड्यांत ‘बाहेरची बाधा’ म्हटले जाई. पाश्चात्त्य मानसशास्त्रही फार पुढे नव्हते : १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी या आजाराचा दोष आईच्या वागण्याकडे वळवला.

३/ १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेची मुळी उन्मादावर व रक्तदाबावर गुणकारी असल्याचे लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले.

४/ १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील परिणाम प्रसिद्ध केले. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत क्लाइन आणि वकील दोघेही होते.

५/ पण औषध नेमके करते काय? १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले; ते निश्चल झाले. एल-डोपा देताच पुन्हा हालू लागले. रेसर्पिनने मेंदूतील डोपामिनचा साठा रिता होतो, हे लवकरच स्पष्ट झाले. या कार्यासाठी कार्लसन २००० च्या नोबेलचे मानकरी ठरले.

६/ १९६३ मध्ये क्लोरप्रोमाझिनसारखी औषधे डोपामिनचा संदेश अडवत असावीत, असे त्यांनी सुचवले. १९७० च्या दशकात त्याला भक्कम पुरावा मिळाला : जे औषध डोपामिनच्या ग्राहकांना अधिक घट्ट चिकटते, त्याची कमी मात्रा पुरते.

७/ डोपामिन ‘हे महत्त्वाचे आहे’ अशी खूण मेंदूला देते. ती अवेळी उमटू लागली, तर शेजाऱ्याचे खोकणेही इशारा भासते. त्यातून संशय दृढ होतो, असे एक स्पष्टीकरण आहे. मात्र निरुत्साह आणि विचारांचा विस्कळीतपणा यांचा उलगडा त्याने पुरेसा होत नाही. म्हणून आज ग्लुटामेट, आनुवंशिकता व मेंदूच्या विविध भागांतील समन्वय यांचाही अभ्यास होतो.

८/ दुष्परिणामांमुळे रेसर्पिन मागे पडले; त्याने उभा केलेला प्रश्न मात्र टिकला. त्या प्रश्नाने आईवरचा आळ दूर करण्यास हातभार लावला आणि बाधेच्या समजुतीला पर्याय दिला. उपचारास जितका विलंब, तितके बरे होणे अवघड. म्हणून मांत्रिकाच्या दारात गेलेले महिने रुग्णाला महागात पडतात.