एका गाण्याचा धनी : सोलोमन लिंडा

१/ ‘एकच गाणे गाजलेला कलावंत’ असा एक वर्ग लोकप्रिय संगीताच्या इतिहासात केला जातो. त्या शिक्क्यात थोडी कीव असते आणि थोडी थट्टाही. मात्र ते एक गाणे तरी त्या कलावंताच्या नावावर उरले का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आजचा धागा अशा गायकाविषयी आहे, ज्याचा सूर निम्म्या शतकाहून अधिक काळ जगाने गुणगुणला आणि ज्याचे नाव जगाला ठाऊक नव्हते.

२/ १९९४ साली डिस्नेचा ‘द लायन किंग’ आला. त्यात टिमॉन आणि पुम्बा जंगलातून जाताना ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ हे गाणे गातात. जगभरच्या मुलांना ही चाल तोंडपाठ झाली. गाणे अस्सल अमेरिकी वाटते. त्याचे मूळ मात्र १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये झालेल्या एका ध्वनिमुद्रणात आहे.

३/ सोलोमन लिंडा यांचा जन्म १९०९ सालचा, दक्षिण आफ्रिकेतील नाताल प्रांतातल्या म्सिंगा या झुलू भागातला. बालपण गुरे राखण्यात गेले. मिशनच्या शाळेत समूहगानाचे संस्कार झाले. १९३१ साली, त्या काळच्या हजारो झुलू तरुणांप्रमाणे, पोट भरण्यासाठी त्यांनी जोहान्सबर्ग गाठले. सोन्याच्या खाणींवर उभे राहिलेले हे शहर खेडोपाडीचे तरुण हात ओढून घेत होते.

४/ आठवडाभर राबणारे हे मजूर सुटीच्या रात्री गाण्याच्या चढाओढी लावत. वाद्ये जवळपास नसतच; सारा डोलारा कंठावर. लिंडा यांनी ‘इव्हनिंग बर्ड्स’ हा संच बांधला. खर्जातले आवाज एकाहून अधिक ठेवून त्यांनी पाया भक्कम केला आणि त्यावर स्वतःचा अतितार आवाज मोकळा सोडला. पट्ट्यापट्ट्यांचे सूट, डोक्यावर गोल टोपी, पायांत दुरंगी बूट असा त्यांचा रुबाब असे.

५/ एरिक गॅलो यांच्या कंपनीचा स्टुडिओ जोहान्सबर्गमध्येच होता. लिंडा त्याच कंपनीच्या रोडपोर्ट येथील कारखान्यात बांधणीच्या कामाला होते. कंपनीसाठी नवे गायक शोधणारे ग्रिफिथ्स मोत्सिएलोआ यांनी हा संच हेरला आणि १९३९ साली त्याला ध्वनिमुद्रणासाठी पाचारण केले.

६/ त्या दिवशी ‘म्बूबे’ हे गाणे मुद्रित झाले. झुलू भाषेत म्बूबे म्हणजे सिंह. गुरे राखणाऱ्या पोरांनी सिंहाला तोंड दिल्याच्या आठवणीतून ते सुचलेले. पहिले दोन प्रयत्न जमले नाहीत. तिसऱ्या वेळी, गाणे संपत आले असताना, लिंडा यांनी ऐनवेळी सुचलेली एक तान वरच्या स्वरात घेतली. पुढे जगाने जी चाल गुणगुणली, ती हीच.

७/ ध्वनिमुद्रिका दक्षिण आफ्रिकेत तुफान चालली. १९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सुमारे १ लाख प्रती खपल्या. त्या गायनशैलीलाच लोक ‘म्बूबे’ म्हणू लागले. ‘लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो’ या संचाने पुढे जगभर नेलेली इसिकाथामिया ही गायनपरंपरा याच मुळावर वाढली आहे. आपल्या देशात लिंडा एका गाण्याचे गायक नव्हते. एका घराण्याचे मूळपुरुष होते.

८/ आणि मोबदला? गाण्याचे सर्व हक्क गॅलो कंपनीने लिंडा यांच्याकडून घेतले ते १० शिलिंगांना, म्हणजे अर्ध्या पौंडाला. लेखन-वाचनाचा सराव नसलेला मजूर आणि स्वतःचा स्टुडिओ असलेली कंपनी यांच्यातला हा करार. कृष्णवर्णीय गायकाला दर प्रतीमागे वाटा द्यावा, असा रिवाजच तेव्हा तेथे नव्हता.

९/ १९४० च्या दशकाच्या शेवटी ही तबकडी न्यूयॉर्कमध्ये लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्या हाती पडली. त्यांनी ती पीट सीगर या गायकाला दिली. सीगर यांनी ऐकून ऐकून स्वर उतरवले. पण झुलू भाषा येत नसल्याने ‘उयिम्बूबे’ हा शब्द त्यांच्या कानांना ‘विमोवे’ असा ऐकू आला. त्याच अपभ्रंशाच्या नावाने ‘वीव्हर्स’ या त्यांच्या गटाने गाणे मुद्रित केले आणि १९५२ मध्ये ते अमेरिकेत गाजले.

१०/ या तबकडीवर श्रेय होते ‘पॉल कॅम्पबेल’ यांचे. अशी कोणी व्यक्तीच नव्हती! परंपरागत गाण्यांवर हक्क नोंदवण्यासाठी वीव्हर्स मंडळींनी घेतलेले ते सामाईक टोपणनाव होते. आफ्रिकेतून आलेले गाणे म्हणजे परंपरेने चालत आलेले, कोणा एकाचे नव्हे, असा तो समज. कर्ता कळल्यावर सीगर यांनी त्याला पैसे देण्यास प्रकाशकाला सांगितले आणि १,००० डॉलर धाडलेही गेले. परंतु एकदा पाठवलेली रक्कम वेगळी आणि हक्क वेगळा.

११/ १९६१ साली गीतकार जॉर्ज वाइस यांनी त्या तानेवर इंग्रजी शब्द बसवले. ब्रुकलिनच्या ‘टोकन्स’ या तरुणांच्या गटाने ते गायले आणि डिसेंबर १९६१ मध्ये ‘बिलबोर्ड’च्या यादीत गाणे सलग ३ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. श्रेय वाइस आणि दोघा निर्मात्यांचे. यातली विसंगती पाहा : टोकन्स हा गट आज मुख्यतः याच गाण्यासाठी आठवला जातो. म्हणजे ‘एकाच गाण्याचे’ म्हणून जी ओळख मिरवायची, तीही दुसऱ्यांच्या वाट्याला गेली.

१२/ त्या डिसेंबरात लिंडा हयात होते. सोवेटोतील त्यांच्या घराची जमीन शेणाने सारवलेली होती. एक अपत्य कुपोषणाने दगावले होते. १९५९ मध्ये ते रंगमंचावरच कोसळले, त्यानंतर प्रकृती खालावत गेली आणि १९६२ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. बँकेतली शिल्लक २५ डॉलरपेक्षाही कमी. कबरीवर शिळा बसवायला पत्नीला पुढची १८ वर्षे लागली.

१३/ २००० साली दक्षिण आफ्रिकी पत्रकार रायन मलान यांनी अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकात एक दीर्घ लेख लिहिला आणि या गाण्याची वंशावळ कागदोपत्री मांडली. केवळ ‘लायन किंग’मधील वापरातून गाण्याने दीड कोटी डॉलर मिळवले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. लिंडा यांच्या मुली तेव्हा सोवेटोतच हलाखीत दिवस काढत होत्या.

१४/ आता प्रकरण कायद्याचे. लिंडा यांनी हक्क विकले होते. पुढे पत्नीने आणि मुलींनीही कागदांवर सह्या केल्या होत्या. वाट बंदच दिसत होती. तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील स्वामित्वहक्काचे जाणकार वकील ओवेन डीन यांनी १९११ चा ब्रिटिश साम्राज्याचा कॉपीराइट कायदा पुढे आणला. त्यात एक विसरलेले कलम होते : लेखकाने हयातीत हक्क विकले, तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते त्याच्या वारसाहक्काच्या मालमत्तेत परत येतात.

१५/ या हिशेबाने ‘म्बूबे’चे हक्क १९८७ सालीच परतले होते. शिवाय ते आधी मृताच्या मालमत्तेच्या अधिकृत व्यवस्थापकाकडे येतात, त्यामुळे पत्नी व मुलींच्या सह्यांनी ते जात नाहीत, असा डीन यांचा युक्तिवाद होता. हा कायदा एकेकाळी साम्राज्यभर लागू असल्याने दाव्याची व्याप्तीही मोठी. भारतातही तो १९१४ च्या कायद्याने काही फेरफारांसह आला होता आणि १९५७ चा आपला कायदा येईपर्यंत चालला.

१६/ २००४ मध्ये लिंडा यांच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकाने प्रिटोरियाच्या न्यायालयात डिस्नेवर दावा लावला. परदेशी कंपनीवर न्यायालयाचा अधिकार चालावा म्हणून डिस्नेची दक्षिण आफ्रिकेत नोंदलेली व्यापारचिन्हे जप्तीखाली आणली गेली; त्यांत मिकी माउसही होता! फेब्रुवारी २००६ मध्ये गाण्याचे अमेरिकी हक्कदार ‘अबिलीन म्युझिक’ यांच्याशी तडजोड झाली. मागची थकबाकी, पुढचा वाटा आणि सहसंगीतकार म्हणून लिंडा यांचे नाव, या तिन्ही गोष्टी मान्य झाल्या. मृत्यूनंतर ४४ वर्षांनी.

१७/ यात एकच खलनायक शोधू गेल्यास तो सापडत नाही. गॅलोने करार केला तो तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे. सीगर यांची नियत वाईट नव्हती. वाइस यांनी खरोखरच नवे शब्द लिहिले. प्रत्येक टप्प्यावर गाणे पुढे गेले आणि नाव थोडे मागे पडले, इतकेच. ‘हे परंपरागत आहे’ असा निर्वाळा ज्या सहजतेने दिला गेला, तिथे खरी मेख आहे. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांची निर्मिती परंपरा ठरते आणि ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांची मालमत्ता.

१८/ भारतात २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांना मानधनाचा असा वाटा दिला, जो करारानेही निर्मात्याला सोडून देता येत नाही. १० शिलिंगांच्या त्या करारात नेमके हेच नव्हते. १९११ च्या कायद्याने तो दोष २५ वर्षांच्या विलंबाने दुरुस्त करायचे ठरवले होते; आपल्या दुरुस्तीने तो हयातीतच दूर करण्याचा यत्न केला आहे.

१९/ लिंडा यांनी आयुष्यात अनेक गाणी गायली; जगाने एकच ऐकले आणि तेही परक्या तोंडून. पुढच्या वेळी ही चाल कानी पडली, तर मूळ ‘म्बूबे’ शोधून शेवटपर्यंत ऐकावे. अखेरीस खर्जाच्या भिंतीवरून एक आवाज अचानक उंच उडतो. तो सोलोमन लिंडा यांचा आहे.

(धागा समाप्त)