तुम्ही दार अडवून उभे आहात

तारीख १६ सप्टेंबर १९७७, वार शुक्रवार. पॅरिसमध्ये अव्हेन्यू झॉर्ज मांदेलवरच्या ३६ नंबरच्या इमारतीपाशी तुम्ही उभे आहात. चेस्टनटची पानं कडेनं तांबूस होऊ लागलीत. आत्तापर्यंत तुम्ही थिएटरच्या अंधारात ऑपेरा गायिका मारिया कॅलासवरचा पाब्लो लाराईनचा 'मारिया' हा सिनेमा बघत होतात, अँजेलिना जोलीचा, २०२४ मधला. त्यामुळे आत शिरताच नजर आधी पियानो शोधते. सिनेमात बटलर फेरुच्चिओ बिचारा तो पियानो इकडून तिकडे ढकलत असतो, बाईंची लहर फिरेल तसा.

घर शांत आहे. कॉफीचा वास येतोय, पूडल कुत्री पायात घुटमळतायत. स्वयंपाकघरात घर सांभाळणारी ब्रुना आहे. सिनेमात बाई इथेच गातात, ब्रुना ऑम्लेट करता करता ऐकते. आज कुणी गात नाहीये. मारिया कॅलासचा शेवटचा ऑपेरा १९६५ सालचा, लंडनचा 'टोस्का'. शेवटची मैफल १९७४च्या नोव्हेंबरात, पार जपानमध्ये, साप्पोरोला. प्रियकर ओनासिसला जाऊन अडीच वर्षं झाली. आता झोपेच्या गोळ्या, आणि रात्री उशिरा स्वतःच्याच जुन्या, चोरून केलेल्या ध्वनिफिती ऐकत बसणं, असं सांगतात.

शयनगृहाच्या दारात पोचता. बाई आज उशिरा उठल्यात. वय त्रेपन्न. उशाशी जाड भिंगांचा चष्मा.

या चष्म्याकडे नीट बघा. कॅलासना लांबचं जवळजवळ दिसायचंच नाही, आणि चष्मा लावून रंगमंचावर कसं जाणार? कंडक्टरची कांडी दिसायची नाही. म्हणून सगळं संगीत पाठ, पावलंसुद्धा मोजून ठेवलेली. मिलानच्या स्काला ऑपेरागृहात एकदा वरच्या मजल्यावरून कुणीतरी मुळ्याच्या जुड्या फेकल्या, तर फुलंच समजून बाईंनी त्या उचलल्या, असा किस्सा आहे. तो खरा असो नसो, त्या नजरेला शोभतो खरा.

आत्ता त्या तुमच्याच दिशेनं बघतायत. चष्म्याविना. जन्मभर प्रेक्षक जसा दिसला तसेच तुम्ही दिसत असणार, अंधारातला एक धूसर ढीग.

सिनेमानं त्यांना या शेवटच्या दिवशी जाता जाता एक गाणं दिलंय, घरात अख्खा वाद्यवृंद, खाली रस्त्यावर थबकलेली माणसं. फार देखणं आहे. पण मला विचाराल तर ती आपल्याला, तिकीट काढून आलेल्यांना, दिलेली लाच आहे.

बाई उठतात. न्हाणीघराकडे दोन पावलं, आणि कोसळतात. हाक ऐकून ब्रुना धावत येते, त्यांना सावरून पलंगावर निजवते, कडक कॉफीचा कप ओठांना लावते. बाहेर फेरुच्चिओ डॉक्टरसाठी फोन फिरवतोय, परत फिरवतोय.

बाजूला व्हा हो. ब्रुनाला बाहेर जायचंय, आणि तुम्ही दार अडवून उभे आहात.